गर्दीतला एक चेहरा

मामाजी,

तुमच्या लाकडी कॅमेऱ्याला मी तीन पायांचं घोडं म्हणायचे आणि तुम्ही हसून काळ्या कापडात डोकं घालायचात. तुमच्या मुलाला नोकरी प्यारी, म्हणून पवनीच्या आपल्या स्टुडिओत तुम्ही मला, सुनेला, हाताशी धरलंत. लोकांनी नाकं मुरडली, तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत. त्या घोड्याची निगेटिव्ह वहीच्या पानाएवढी. नंतर घेतलेल्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याची बिस्किटाएवढी, आणि माझ्या हट्टापायी आलेल्या छोट्या कॅमेऱ्याची तर टपालाच्या तिकिटाएवढी. पण दिवस त्या तिकिटाचेच होते. लग्नघरांना रंगीत फोटो हवे झाले, रोल धुवायला नागपूरला जाऊ लागले. साकोलीचा नवा फोटोवाला वरातीपुढे उलटा चालत फोटो काढायचा, आणि आपल्याकडे नवरदेवाला श्वास रोखून उभं राहावं लागे. गिऱ्हाईक कुठे जाणार ते मला दिसत होतं. तुम्हालाही दिसत असणार.

लाखांदूरकडच्या त्या शाळेत सातवीच्या ग्रुप फोटोला गेलो, तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी छोट्या कॅमेऱ्यानं चार फोटो काढून मोकळी झालेय, पोरं उन्हात डोळे बारीक करून उभी आहेत, हेडमास्तर घड्याळ बघताहेत, आणि तुम्ही घोड्याचे पाय उलगडताय. माझा पारा चढला. सगळ्यांसमोर म्हणाले, "मामाजी, झाला ना फोटो! हे कायले आनखीन?" तुम्ही कापडातूनच म्हणालात, "बाई, गर्दीतला एखादा मानूस कधीतरी एकटाच पायजे असते. तवा तुह्या तिकिटात तो सापडन का?" मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं. शाळेला मी माझेच फोटो दिले. तुमची निगेटिव्ह तुम्ही पातळ कागदात गुंडाळून, वर शाळेचं नाव लिहून पेटीत ठेवलीत. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात आणि मी घोडं माळ्यावर टाकलं.

मग एक दिवस दुपारी एक बाई एसटीनं आली. पोरगा धानाच्या बांधीत साप चावून गेला होता. त्याचा फोटो एकच, त्या शाळेच्या ग्रुपमधला, तोही तिच्या घरी नाही. "त्याचा एकट्याचा काढून दे व माय," म्हणाली. मी माझा रोल काढून तिनं दाखवलेला चेहरा मोठा केला. कागदावर तांदळाच्या कनकीसारखे नुसते दाणे उमटले, त्यात ना डोळा ना नाक. बाई बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "हा कोनाचाबी असू शकते." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

तेव्हा तुमची पेटी आठवली. तिला बसायला सांगून घोडं खाली उतरवलं. तुम्हीच शिकवलं होतंत की त्याच्या पाठीत निगेटिव्ह बसवून मागे दिवा लावला की ज्या भिंगातून माणूस आत गेला, त्याच भिंगातून तो भिंतीवर बाहेर येतो. अंधाऱ्या खोलीत कागद लावला. धुताना तो पोरगा पाण्यातून वर आला, मामाजी. पापण्या, भुवईवरची खोक, वरच्या ओठावरचा घाम. चाळीस पोरांतलं हे एक, आणि तुम्ही त्यातल्या प्रत्येकाला असं अख्खं ठेवून गेला होतात! बाकीचीही तशीच असतील म्हणून मी एकेक चेहरा भिंतीवर पाडून पाहिला. सगळी होती.

ओला फोटो घेऊन बाहेर आले. बाईनं चेहऱ्याला हात लावला नाही, सदऱ्यावर बोट ठेवलं. गुंडीच्या जागी सेफ्टीपिन होती. "हे पिन मीनं लावली होती," ती म्हणाली, "गुंडी तुटली होती त्या रोजी. घाईत होता." मग ती रडली आणि मीही रडले.

घोडं परत माळ्यावर गेलं नाही. लग्नाचे फोटो छोट्या कॅमेऱ्यानं काढत राहिले, पोट त्यावरच चाललं. पण ग्रुप फोटो असला की घोड्याचे पाय उलगडायचे, आणि पोरं कुरकुरली तर कुरकुरू द्यायचं.

हे पत्र पेटीतच ठेवणार आहे, त्या पातळ कागदाशेजारी. एक गोष्ट मात्र कबूल करायची राहिली. जाताना त्या बाईनं विचारलं होतं, "कोनं काढला व हा फोटो?" मी म्हणाले, "मीनं."