मिशारीच्या नावावरची घड्याळं

४ नोव्हेंबर
मिशारी आजही माझं घड्याळ घालून दिवाणियात गेला! समुद्रात बुड्या मारणाऱ्यांचं, पोलादी, जाडजूड. तीन महिने शोधलं मी, आणलं मी — पण पुरुषांच्या त्या बैठकीत ते माझ्या भावाचं. आईला मी ते घातलेलं खपत नाही. म्हणते, एवढं धूड कशाला, बाईचं मनगट नाजूक दिसावं. दुकानदारानेही परवा हिऱ्यांचं, शेंगदाण्याएवढं काढून पुढे ठेवलं. तसंच परत सरकवलं.

५ नोव्हेंबर
घड्याळवाल्यांच्या ग्रुपवर मी मिशारीच्या नावाने लिहिते, चार वर्षं झाली. त्याला स्वतःला यंत्रातलं ओ का ठो कळत नाही. तिथे धड उत्तर देणारे एकटे अबू जर्राह. म्हातारे, गुडघ्यांमुळे घरीच असतात, कुणाचं कौतुक करत नाहीत. मला — म्हणजे मिशारीला — एकदा म्हणाले होते, 'तुला नजर आहे.' दिवसभर हवेत होते मी.

९ नोव्हेंबर
महिनाअखेरीस दिवाणियात प्रदर्शन. माझी सहा घड्याळं जाणार, प्रत्येकाखाली मालकाचं नाव. जेवताना मिशारीला म्हटलं, माझं लिही. हातातला घास ताटात ठेवला त्याने.
"लुलुवा, बहिणीचं नाव चारचौघांत घेऊ? उद्या तोंड कुठे लपवू?"
आईचं नावही तो तिथे घेत नाही. कुणीच आपल्या घरातल्या बायकांचं घेत नाही. वर मलाच म्हणतो, भाषण लिहून दे. चडफडत दिलं लिहून.

१२ नोव्हेंबर
अबू जर्राहना खरं कळवलं — 'चार वर्षं लिहिते ती मी, त्याची बहीण. माझं नाव लागावं म्हणून एक शब्द टाका.' ते बोलले तर मिशारीची काय बिशाद! दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा धाडलं.

१३ नोव्हेंबर
वाचलंय. उत्तर नाही.

२० नोव्हेंबर
नाहीच. मी पुरुष होते तोवर मला नजर होती. घड्याळांच्या कपाटाची किल्ली मिशारीला देऊन टाकली. ने म्हटलं सगळी. रडूही येत नाही, नुसता कंटाळा आलाय.

२६ नोव्हेंबर
अबू जर्राह गेले. प्रदर्शन पुढे ढकललं. उद्या आई समाचाराला जाणार, बायकांच्या बाजूला. मीही जाईन. रागही आता कुणावर धरायचा?

२७ नोव्हेंबर
आईने सांगितलं, ही मिशारीची बहीण. अबू जर्राहच्या बायकोने, उम्म जर्राहनी, माझा हात धरला तो सोडेचनात. मग कानाशी म्हणाल्या, "चार वर्षं त्यांना दिसत नव्हतं गं. तुला उत्तरं मीच लिहायचे. तू खरं सांगितलंस, मला माझं सांगायचा धीर झाला नाही."
ज्यावरून त्या लिहायच्या तो फोन आणि अबू जर्राहची घड्याळं सकाळीच त्यांचा थोरला मुलगा घेऊन गेला.