फाटकापासून अठरा पावलं

१७ ऑगस्ट, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींची पाठ आता कशी आहे? नियमाने शेकतात, की दुखायला लागल्यावरच आठवण होते? आमचं इकडे ठीक चाललंय. खोकी एकदाची रिकामी झाली. तीन तेवढी उरलीत, आणि त्यांत काय आहे ते कुणालाच आठवत नाही, म्हणून ती उघडायची हिंमत होत नाही. छोटीचा खोकला जवळजवळ गेला. मोठ्या शहरात होतो तेव्हा रोज वाफ द्यावी लागायची, आता ते यंत्र कपाटावर पडून आहे. ह्यांना नव्या ऑफिसात खिडकीजवळची जागा मिळाली, त्यामुळे स्वारी खुशीत आहे.

परवा फोनवर तू हेच सगळं विचारलंस आणि मी हेच सगळं सांगितलं. मग आज पुन्हा पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू जरा गप्प झालीस की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी बोलायला लागते. लिहिताना तसं पळता येणार नाही.

आधी घराचं सांगते. आम्ही इकडे यायचं ठरवलं तेव्हा तू दुपारी शिवणाचं दुकान बंद ठेवून अख्खं गाव पालथं घातलंस. शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावर उभं राहून गाड्या किती वेगाने जातात ते पाहिलंस. लोकांच्या घरांत शिरून नळ सोडून पाहिलेस. मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर पाच वस्त्या लिहिल्यास, प्रत्येकीचं बरं-वाईट. आणि शेवटी तुझ्या मागच्या अंगणाला लागून असलेलं ते पिवळं घर शोधलंस. मधली भिंत जेमतेम कमरेएवढी. "छोटी शाळेतून आली की भिंतीवरून इकडे. तू कामावरून ये निवांत," म्हणाली होतीस.

मी तुला कळवलं, तिथून ह्यांना ऑफिस लांब पडतं. ताई, ह्यांना काहीच लांब पडत नव्हतं. हे पिवळ्या घराला एका पायावर तयार होते. नको म्हटलं ते मी.

ठकूमुळे.

लिहिलं बाई एकदाचं.

तुझ्या लेकीवर माझा जीव नाही असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. पण वर्षातून दोनदा येऊन जीव लावणं निराळं, आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे रोज राहणं निराळं. तेवीस वर्षांची उंच मुलगी, समज सात-आठ वर्षांची. दिसेल त्याला मिठी मारणार, वाढदिवस विचारणार आणि तो जन्मात विसरणार नाही. छोटीच्या नव्या मैत्रिणी घरी येतील, त्यांच्या आया येतील, त्या काय म्हणतील, ह्याचा मी विचार केला. वर, हे सगळं छोटीसाठीच करतेय असं स्वतःला पटवलं. आणि छोटीला तर ठकूताईपुढे दुसरं कुणी सुचत नाही.

म्हणून ही वसाहत. फाटक, बाग, घसरगुंडी, शाळा चालत पाच मिनिटांवर. "मुलाबाळांच्या घराला ह्याहून चांगली जागा नाही," असं दलाल दहा वेळा म्हणाला आणि अकराव्यांदा मी ह्यांना म्हटलं. तुझ्यापासून नऊ थांबे.

तू एका शब्दाने बोलली नाहीस. उलट ठकूला बस शिकवायला घेतलीस. मला ते तिच्याच तोंडून कळलं. पहिल्या आठवड्यात आई शेजारी बसली, दुसऱ्या आठवड्यात मागे, तिसऱ्यात पार शेवटच्या बाकावर. "आणि आज आई बसमध्ये नाहीच!" हे सांगताना तिने टाळी वाजवली.

गेल्या महिन्यातल्या त्या रविवारचं बोलतेय मी. संध्याकाळचे पाच वाजले होते. मी बागेतल्या बाकावर तिघीजणींबरोबर बसले होते. त्यांतल्या एक मुख्याध्यापिका आहेत, आमच्या वरच राहतात. ह्या बायकांनी मला आपल्यात घ्यावं म्हणून मी दोन आठवडे धडपडत होते. तेवढ्यात फाटकातून हाक आली, "मावशी! मी एकटी आले! नऊ थांबे!" अख्खी बाग वळून बघायला लागली. ठकू धावत आली आणि तिने अशी मिठी मारली की माझा चष्मा खाली पडला. मग बाईंकडे वळून म्हणाली, "तुमचा वाढदिवस कधी?"

बाईंनी तारीख सांगितली. मग मला हळूच विचारलं, "कोण हो ही?"

मी म्हटलं, "आमच्या शिंपीणबाईंची मुलगी."

आधी ठरवलेलं नव्हतं, ताई. तोंडातून निघून गेलं. आणि खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं. एवढ्याशा वाक्यात मी तुम्हा दोघींनाही परकं करून टाकलं. तुझ्याच शिलाईवर माझं शिक्षण झालं, आणि त्या शिलाईचा मी असा उपयोग केला.

ठकू हसली. "हो, माझी आई शिवते." छोटी घसरगुंडीच्या पायरीवर थबकून माझ्याकडे बघत राहिली.

मी ठकूला घरी नेलं, पाणी दिलं, दोन बिस्किटं दिली. तिला छोटीची नवी खोली बघायची होती. मी म्हटलं, "उशीर होईल गं, आई काळजी करेल." अजून साडेपाचही वाजले नव्हते. तिला फाटकाबाहेर काढलं आणि तिथूनच वळले. थांब्यापर्यंतसुद्धा गेले नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमन म्हणाला, "काल त्या मुलीची आई आली होती की. लगेच मागून आलेल्या बसने. पोरगी बागेत पोचली तेव्हा फाटकाशीच उभ्या होत्या. मी म्हटलं आत जा, तर म्हणाल्या, नको, ती एकटी आली आहे असंच तिला वाटू दे. मग पलीकडच्या थांब्यावर जाऊन बसल्या."

मी त्या फाटकापासून बाकापर्यंत चालून पाहिलं. अठरा पावलं. आणि मी जरा मोठ्यानेच बोलले होते, बाकीच्या दोघींनाही ऐकू जावं म्हणून.

त्यानंतर चार दिवसांनी छोटीचे दोन गणवेश शिवून, इस्त्री करून तू पाठवलेस. वाढत्या अंगाला हवी म्हणून आत चार बोटं दुमड ठेवलेली. चिठ्ठी नाही. फोनवर खोकल्याची चौकशी. तू ऐकलंस की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ऐकलंस, हे मला माहीत आहे.

गणवेश घालून बघताना छोटीने विचारलं, "आई, ठकूताईला घरात ओळखायचं आणि बागेत नाही, असं आहे का?" रागाने नव्हे गं. रस्ता ओलांडायचा नियम विचारावा तसं. आपण सांगू तसं ती वागणार होती.

त्याच संध्याकाळी मी बाकापाशी जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, "त्या दिवशी आली होती ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. मी खोटं बोलले." बाईंनी विणकामावरची नजर वर केली. "कळलं होतं. तुमचंच नाक आहे तिचं." एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा टाके मोजायला लागल्या. बाकावर जागा होती, पण माझ्याच्याने बसवलं नाही.

ह्या गोष्टीला तीन आठवडे झाले. रोज पत्र लिहायचं ठरवत होते आणि रोज घरात काहीतरी काम काढत होते.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते लिहिलं की तुझ्यावरच आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. पिवळ्या घराचंही विचारत नाही, तिथे जुळ्यांचं कुटुंब आलं हे ठकूने त्या रविवारीच सांगितलं, दोघांच्या वाढदिवसासकट. येत्या रविवारी छोटीला घेऊन बसने येतेय. तिला आत घे. मी दुकानाच्या पायरीवर थांबेन, हाक मारलीस तर आत येईन.

ठकूला काही कळलं नसेल, अशी मी इतके दिवस स्वतःची समजूत घालत आले. पण जे खरं आहे ते तुला सांगते. त्या दिवशी जाताना फाटकाशी तिने मला मिठी मारली नाही. लांबूनच हात हलवला, आपण अनोळखी माणसाला हलवतो तसा, आणि म्हणाली, "येते हं, बाई."

तिने म्हणू दिलं तर अजूनही,
ठकूची मावशी