चार पत्रं, पोतोसीहून

पोतोसी,
१४ ऑगस्ट १९९३, संध्याकाळ

लाडक्या ग्रिसेल्दाताई,

पोचले. सुखरूप आहे, डोकं तेवढं ठणकतंय. तुझा गुडघा कसा आहे? शेळ्या वेळेवर आत घेतेस ना?

वरचं गावाचं नाव वाचून दचकली असशील. सुक्रेला डॉक्टरांकडे जाते म्हणाले होते, ते खोटं होतं. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

बावन्न वर्षांत पहिल्यांदा बसमधून एकटी उतरले, आणि जमीन पायाला लागेचना. चार पावलं टाकली, तर वाटलं, मी जरा वरूनच चालतेय. इथली हवा इतकी पातळ की चर्चची घंटा कानाशी येऊन बसते, आणि लांबचा माणूस हात लावावा इतका जवळ दिसतो. कुठल्याही गल्लीत शिरलं तरी टोकाला तो खाणींचा तांबडा डोंगर.

मुक्कामाच्या घरची बाई, दोन्या प्रिमितिवा, मला दारात बघूनच हसली.

"तारिहाच्या ना तुम्ही?"

"कशावरून?"

"नमस्कारसुद्धा गाऊन म्हणालात! बसा आधी. खालची माणसं आमच्या जिन्यावर निम्मी होतात."

तिनं कोकाच्या पानांचा चहा पाजला आणि दुपारपर्यंत उठायचं नाही असा दम भरला. झोपले की नाही, कोण जाणे. खिडकीतून ऊन अंगावर आलं होतं आणि आई उशाशी बसून मक्याचे दाणे सोलत होती. वर बघितलंच नाही तिनं. "टपाल आलं का गं?" एवढंच म्हणाली.

ताई, टपाल आलं होतं.

आपला रुपेर्तो घर सोडून इकडे आला, त्या वर्षी त्याची चार पत्रं आली. टपाल आणायला मीच जायची. पहिल्यात होतं, खाणीत काम मिळालं, खोली घेतली, आईला इकडे पाठवा. तू लग्न होऊन गेलेली. आई गेली असती तर बाबांपाशी मी एकटी उरले असते, आणि प्यायल्यावर ते कसे व्हायचे ते तुला ठाऊक आहे. सतरा वर्षांची होते मी. पत्र पिठाच्या डब्यामागे लपवलं. मग दुसरं. तिसरं लपवणं सोपं गेलं.

आई सहा वर्षं वाट बघून गेली. तिच्या कबरीपाशी तू म्हणालीस, पोटच्या पोराला आईची आठवण नाही. मी तुझ्या शेजारीच उभी होते.

गेल्या महिन्यात बाजारात खाणीतला एक माणूस भेटला. रुपेर्तो आहे, म्हणाला, पण फुप्फुसं गेली. म्हणून आले.

आज दुपारी त्याच्या चढावर दहा वेळा थांबले. दार त्याच्या बायकोनं उघडलं. कासिल्दा तिचं नाव. अंगणात, उन्हात, घोंगडी पांघरून एक लहानसा म्हातारा बसला होता. मी नाव सांगायच्या आत तो म्हणाला, "ओतिलिया! किती धापा टाकतेस! मी फुप्फुसं खाणीत घालवली, तू कुठे घालवलीस?"

तो हसला आणि खोकत राहिला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

कासिल्दा कडाडली. "दोन वर्षं, बाई! दर रविवारी हे तारिहाची बस बघायला जायचे. म्हातारीसाठी खाट करून घेतली होती यांनी!"

रुपेर्तोनं हात वर करून तिला थांबवलं. बराच वेळ श्वास गोळा केला.

"म्हणजे आई माझ्यावर रागावून गेली नाही?"

"नाही रे. वाट बघत गेली."

त्यानं डोळे मिटले. पस्तीस वर्षं तो तेवढंच धरून बसला होता, ताई. माफ केलं असं म्हणाला नाही. मीही मागितली नाही. जरा वेळानं म्हणाला, "आज जा. उद्या ये. आज दोघांचाही श्वास पुरायचा नाही."

परत येताना गल्ली उतरत होते की तरंगत होते, सांगता येत नाही.

ही ऑगस्टची थंडी सरेपर्यंत तो टिकेल का, कासिल्दाला खात्री नाही. तू ये. इतकी वर्षं त्याला दिलेले शिव्याशाप मला दे, ते माझेच होते. पण ते इथे येऊन दे, त्याच्यासमोर.

तुझी बहीण, आणि त्याचीही,
ओतिलिया