शहजादीला आणायचंय

३ मार्च २०१७, शुक्रवार

नाही म्हणाले! सरळ नाही. आप्पासाहेब, आमच्या वसाहतीचे सचिव, सुपारी कातरत म्हणाले, "मुनिराताई, नियम म्हणजे नियम. साठीच्या आतलं माणूस इथं पाहुणं म्हणून पंधरा दिवस. त्यापुढं एक दिवस नाही." मी म्हटलं, अहो, पाहुणी कसली, सख्खी बहीण आहे माझी. एक पाय अधू आहे तिचा. "वय?" बावन्न. "मग आठ वर्षांनी आणा की!" आणि हसले. हसले!

म्हाताऱ्यांनी निवांत राहावं म्हणून वसाहतीचं नावच 'निवांत'. माझं डोकं मात्र सकाळपासून ठणकतंय.

३० एप्रिलला भाभी सोयगावचं घर सोडून लेकाकडं पुण्याला जाणार. भाईजान गेल्यापासून तिचं चित्त नव्हतंच तिथं. तिथं राहणाऱ्या शहजादीचं काय, विचारलं तर म्हणते, "वो तुम दोनों बहनें देख लो." बघणार ना! अम्मी गेली तेव्हा शहजादी दोन वर्षांची अन् मी एकोणीसची. कडेवर घेऊन वाढवली तिला. आता काय वाऱ्यावर सोडू?

ठरलं. हे घर विकायचं. शहरात तळमजल्याचा छोटा फ्लॅट घ्यायचा अन् दोघींनी राहायचं.

४ मार्च

बोलायला सोपं. विकणार कसं? घेणाराही साठीच्या वरचाच पाहिजे – तोही नियम! साठीनंतर घर घेणारे किती असतात? रात्रभर हेच.

६ मार्च, सोमवार

दलाल शोधायचा. हे घर माझ्या नवऱ्यानं, कमरोद्दीनसाहेबांनी बघितलं, त्यांनीच भाव केला, मी फक्त सह्या केल्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. आता सगळं माझ्या गळ्यात.

पण मी सदतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. तोंड बघून मला माणूस कळत नाही, आवाज ऐकला की कळतो. तीन नंबर मिळवले. डोळे मिटून तिघांना फोन केले.

पुंजाराम – जालना रोडला एसी ऑफिस. आवाज तुपात घोळलेला. "मॅडम, टेन्शनच घ्यायचं नाही. महिन्यात सौदा!" अजून घर बघितलं नाही, अन् महिन्यात सौदा!

कडूबा – आप्पासाहेबांचा मेहुणा. हा कुजबुजतो. घरात एकटाच असला तरी कुजबुजत असेल.

तिसरे गयास. वेरूळकडचे, वय झालेलं. खोकतात, थांबतात. भाव विचारला तर म्हणाले, "मालूम नहीं बाजी. देखकर बोलता." मला माहीत नाही म्हणणारा दलाल मी पहिल्यांदाच ऐकला. हा खरा की नुसताच मठ्ठ?

शहजादीला फोन केला. म्हटलं, काळजी करू नको, मी आहे. ती म्हणाली, "आपा, मेरेकू एक बात बोलनी थी." म्हटलं, तू फक्त सामान बांधायला घे. तीन मिनिटं झालीच होती. ट्रंककॉलच्या दिवसांची खोड – तीन मिनिटं झाली की हात आपोआप फोन ठेवतो. आवाज लई बारीक येत होता तिचा. घाबरलीय पोर.

९ मार्च, गुरुवार

पुंजाराम येऊन गेला. बूट न काढता सगळं घर फिरला, भला मोठा भाव सांगितला. "मॅडम, ते वयाच्या अटीचं गिऱ्हाइकाला आधी सांगायचं नाही. इसाराची रक्कम घेतली की मग बघू." म्हटलं, अहो, ही फसवणूक झाली! "फसवणूक कसली, मार्केटिंग आहे." वर म्हणे, नोटबंदीनंतर बाजार बसलाय, लवकर ठरवा. सोमवारी फोनवर तर टेन्शन घ्यायचं नाही म्हणत होता.

चहा अर्धा ठेवून गेला. बरं झालं गेला.

११ मार्च, शनिवार

कडूबा. पडदे ओढून घ्या म्हणाला. मग कुजबुजला, "मावशी, घर कशाला विकता? बहिणीच्या आधार कार्डावर वय वाढवून आणतो. मेहुण्यांना मी सांभाळतो. चहापाण्याचं तेवढं बघा."

लिहायला लाज वाटते, पण त्याला लगेच हाकललं नाही. मनात म्हटलं, काय बिघडलं? शहजादी दिसतेच साठीची. मग वाटलं, उद्या कोणी दारात येऊन तिलाच विचारलं तर? खोटं बोलताना तिची जीभ अडखळते, लहानपणापासून. साठ वर्षांच्या म्हातारीला चोरासारखं घरात लपवायचं का मी! ती तर बावन्नचीच! बघा, माझंच चुकायला लागलं.

नको म्हटलं त्याला. आता आप्पासाहेबांच्या कानावर काय काय जाईल, देव जाणे.

१३ मार्च

गयासभाई आले. जुन्या स्कूटरवरून. चप्पल बाहेर काढली, नळ सोडून बघितले, गच्चीवर जाऊन टाकी बघितली. तासभर हेच. मग विचारलं, "एप्रिल में पानी?" म्हटलं, टँकर. "पश्चिम का धूप?" दुपारी दोननंतर हॉल तापतो. सगळं वहीत लिहून घेतलं. मग भाव सांगितला – पुंजारामपेक्षा बराच कमी.

तरी दुसरी चावी त्यांना दिली. का दिली? नाही म्हणता येईना त्या आवाजाला.

१९ मार्च, रविवार

माझा दलाल की माझा वैरी!

जालन्याचे नवराबायको आले होते, रिटायर्ड बँकवाले. बाईंना बाग आवडली, तुळशीजवळ उभ्या राहून फोटो काढला. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात गयासभाईंनी वही उघडली. एप्रिलात टँकर. दुपारी ऊन. नातवंडांना पंधरा दिवसांच्या वर ठेवता येत नाही. साठीच्या आतलं कोणीच नाही. आणि वर, "बाजी इसीवास्ते बेच रहे हैं." बाईंचा चेहरा पडला. गेले ते गेलेच.

मी खूप बोलले. तुम्हाला घर विकायचंय की मला बुडवायचंय? ते ऐकून घेत राहिले. म्हणाले, "बाद में मालूम हुआ तो इसार वापस माँगेंगे. कोर्ट में आप जाओगे, मैं नहीं." खरं असेल. पण बेचाळीस दिवस राहिलेत! मोजतेय रोज.

२२ मार्च

जेवण जात नाही. भाभीचा फोन. "शहजादी तो कुछ बोलतीच नहीं. दिनभर बाहर रहती है." बाहेर कुठं जाते, त्या पायानं? घरात जीव रमत नसेल. आणखी बोलायचं होतं भाभीला, पण मलाच ऐकवेना.

२५ मार्च, शनिवार

हार मानली. पुंजारामला फोन लावला. "मॅडम, आजच चावी द्या, उद्या गिऱ्हाईक आणतो." रिक्षा बोलवली, चपला घातल्या. फाटकापाशी गयासभाई भेटले, हातात माझ्याच घराची चावी. म्हणाले, गच्चीवरच्या नळाचा वायसर गेला होता, आत्ताच स्वतः बदलला. पैसे घेतले नाहीत.

रिक्षा परत पाठवली. रिक्षावाला चिडला, चिडू दे. मी बरोबर करतेय का? कोणाला विचारू?

२ एप्रिल, रविवार

आज जरा बरं वाटतंय. दौलताबादचे बद्रीनाथ गुरुजी आणि त्यांच्या द्वारकाबाई घर बघून गेले. गयासभाईंनी वही वाचून दाखवली तेव्हा मी स्वयंपाकघरातच थांबले, ऐकवेना. पण गुरुजींचा आवाज आला, "हे सगळं पहिल्या भेटीत सांगणारा माणूस अजून भेटला नव्हता." द्वारकाबाई म्हणाल्या, "पोरं यायची नायतच आमची. पाण्याचं काय, आमच्या गावाला तरी कुठं लई हाय?"

परत येतो म्हणाले. सगळेच म्हणतात.

६ एप्रिल, गुरुवार

आले!! परत आले!

८ एप्रिल, शनिवार

इसार झाला. पावतीवर सही केली तेव्हा द्वारकाबाई शेजारीच बसल्या होत्या. ३० एप्रिलला ताबा. पुंजाराम म्हणत होता तेवढा भाव आला नाही, पण जो आला तो तोंडावर ठरला. आप्पासाहेबांनी ना-हरकत पत्र दिलं, त्यांना काय, माणूस गेलं म्हणजे त्रास गेला.

शहजादीला फोन करून ओरडूनच सांगितलं. ती "आपा, आपा" एवढंच म्हणत राहिली. आनंदानं होतं असं.

९ एप्रिल, रविवार

गयासभाईंना म्हटलं, आता फ्लॅट शोधा. तळमजला, संडासाला उंबरा नको, जवळ दवाखाना. ते म्हणाले, "बहन का नंबर दो." कशाला? तिला काय लागतं ते मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. "रहना उनकू है ना, बाजी?" असं शांतपणे म्हणाले, की मला नंबर द्यावाच लागला. या माणसाला कशाचीच घाई नाही! एकवीस दिवस हातात आहेत.

१० एप्रिल, सोमवार

शहजादी येणार नाही.

तिनं सोयगावातच शाळेमागं दोन खोल्या घेतल्यात. फेब्रुवारीतच. घरी शिवायची ती शिलाई मशिनं तिकडं नेली, शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं, हाताखाली दोन बाया आहेत. गयासभाईंनी तिला विचारलं, कैसा घर होना आपकू? तेव्हा ती बोलली. मग मला फोन केला. "आपा, इत्ते दिन में ये किसीने पूछाच नहीं था." रागावली नव्हती, तेच जास्त लागलं.

मी तिला एकदाही विचारलं नाही. घर विकलं, पण तिला विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "अब आप किधर रहोगे, आपा? इधर आ जाओ. बड़ी वाली खोली आपकी." हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.