सात नंबरचा सूर

४ फेब्रुवारी

पडद्याचं कापड दोन हात कमी आलं. मापं मी दिली होती, कागदावर, मोठ्या आकड्यांत. तरी कमी. आता जोड द्यावा लागणार, आणि जोड दिसला की म्हणणार, म्हातारीचे डोळे गेले. डोळे शाबूत आहेत. दुकानात जो गेला होता त्याची अक्कल गेली आहे.

या परक्या देशात, वाद्यवृंदाच्या या इमारतीत, कपडेपटात, एकोणीस वर्षं काढली. काळे कोट, काळे झगे, बटणं. सत्तर माणसं मयताला निघाल्यासारखी सजतात आणि टाळ्या घेऊन परत येतात. आता एका वादकाची जागा रिकामी आहे. परीक्षा पडद्याआडून. नाव नाही, तोंड नाही, नुसता नंबर. बुटांचा आवाज नको म्हणून बूटही काढून ठेवायचे. बाई की पुरुष, इथला की बाहेरचा, काही कळता कामा नये.

तो पडदा मी शिवतेय. आणि त्याच्याआड माझी नात उभी राहणार आहे.

६ फेब्रुवारी

नात हॉर्न वाजवते. मोटारीचा नव्हे. पितळेचं वेटोळं असतं, त्यात एक हात खुपसायचा नि फुंकायचं. अकरा वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकतेय. लेक म्हणते, "आई, तुला त्यातलं काय कळतं?" म्हटलं, तू तान्ही असताना तुझं रडणं कुठल्या शाळेत शिकले होते? कळायचंच ना — भूक की पोटदुखी.

चष्मेवाल्या मॅनेजरबाईला आपणहून सांगितलं, माझी नात परीक्षेला आहे, पडद्याची दोरी माझ्या हाती नको, दुसऱ्या कोणाकडे द्या. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही परीक्षकांच्या बाजूला बसणार. तुम्हाला तरी कोण दिसणार आहे?" नाही दिसणार. "मग झालं तर."

बरं. झालं तर.

११ फेब्रुवारी

समोर उभा राहून काठी हलवतो तो — काठीवाला — त्याने आज सगळ्यांपुढे भाषण केलं. परीक्षेत जिचा तुकडा वाजवायचा ती सिंफनी म्हणजे आमच्या देशाचा आत्मा. दीडशे वर्षांपूर्वी देश नकाशावर नव्हता, पण या सुरांत होता. "बाहेरच्याला हे वाजवता येईल. त्याच्या काळजाला ते लागणार नाही." मी त्याच्याच कोटाची बाही उसवत होते. म्हटलं, हात जरा खाली घ्या, आत्म्याचं नंतर बघू.

घरी नातीला सांगितलं. ती हसली. "आजी, ज्याने ती लिहिली तो तेव्हा या देशात नव्हताच. बायकोच्या खोकल्यासाठी परमुलखात समुद्राकाठी खोली घेऊन राहिला होता. आणि हॉर्नची ती धून तिथल्याच एका मेंढपाळाकडून उचलली."

म्हणजे देशाचा आत्मा हवापालटाला गेला होता.

हसून झाल्यावर मात्र पोर हॉर्न पुसत बसली. आजवर तीन ठिकाणी परीक्षा दिल्या, तिन्हीकडे पडदा नव्हता. इथेही नाही झालं तर हॉर्न बंद, म्हणाली. दुसरं काहीतरी काम बघेन. एकोणतीस वय. आवाज अगदी शांत होता. तोच मला आवडला नाही.

१७ फेब्रुवारी

वही मांडीवर आहे. परीक्षक चहा पितायत. दोरीपाशी बोलायची बंदी आहे, लिहायची नाही.

नऊ जण वाजवून गेले. सगळ्यांना तीच मेंढपाळाची धून. चार नंबर सुरू झाला नि अंगावर काटा आला. हीच! शेवटचा सूर असा लांबवला की आमचे हे दारातून हाक मारायचे ती आठवली. आपल्या घरचं दुःख आहे त्यात, दुसऱ्याला जमायचं नाही. परीक्षक काय करत होते? एक नखं बघत होता.

सात नंबर थंड. नीट. इस्त्रीची घडी. इथलाच कोणीतरी, दूध-लोणी खाऊन वाढलेला. पण काठीवाल्याने डोळे मिटून घेतले. "हे आमचं जंगल. आमचं धुकं. हे शिकवून येत नाही, रक्तात असावं लागतं." पाचही परीक्षकांचे हात वर.

पोरीचं संपलं. घरी काय तोंडाने जाऊ?

चहा झाला. दोरी ओढायला सांगतायत.

तीच तारीख, संध्याकाळ

पडदा सरला. सात नंबरच्या जागी माझी नात, पायांत नुसते मोजे.

काठीवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच. त्याला हसणार होते, पण माझंही मिटेना.

चार नंबर नंतर पाहिला, त्याचा कोट द्यायला गेले तेव्हा. लालबुंद गालांचा सहा फुटी दांडगा. काठीवाल्याच्याच गावचा. ह्यांची हाक म्हणे.

१८ फेब्रुवारी

नातीला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

२३ फेब्रुवारी

निकाल अडकवला. काठीवाल्याने लेखी तक्रार दिली आहे: दोरीवरची बाई उमेदवाराची आजी. सात नंबर वाजताना तिने कुणा परीक्षकाला खूण केली असणार. पुन्हा परीक्षा घ्या, या खेपेला पडद्याशिवाय.

चष्मेवाली खाली मान घालून म्हणाली, "मावशी, अकरा वर्षं ऐकताय. तुम्ही तिला ओळखलं असणारच ना?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. आजी म्हटली की ओळखणारच. लेकसुद्धा तेच म्हणाली.

नातीने समोर बसवलं. "आजी, खरं सांग. खूण केलीस?"

"नाही."

"पण मला ओळखलंस ना?"

मी उठून भांडी घासायला गेले. घासलेलीच होती.

२ मार्च

चौकशी उद्या. हॉर्न आठ दिवस पेटीत. पोर नीट जेवत नाही.

खरं सांगितलं तर ती सुटते. ओळखलंच नाही तर खूण कसली करणार? पण खरं हे, की तिचा सूर मला परका वाटला. घरचा वाटला तो दुसऱ्याचा. काठीवाला चुकला तसंच चुकले, फक्त उलट्या बाजूने. त्याला नावं ठेवायला मी मोकळी नाही राहिले, याचा राग वेगळाच.

नुसत्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? वही आहे.

३ मार्च

चौकशीत सगळ्यांसमोर सतरा तारखेचं पान नातीच्याच हातात दिलं. म्हटलं, वाच. त्यांच्या भाषेत, मोठ्याने, एक शब्द न गाळता. दूध-लोण्यापर्यंत आली, माझ्याकडे बघितलं, पुढे वाचलं. मी तिला वही मिटू दिली नाही.

मग सगळ्यांना म्हटलं, मी माझी नात ओळखली नाही. माझं उत्तर झालं. आता "रक्तात असावं लागतं" त्या ओळीचं उत्तर बाकी आहे. ते काठीवाल्याने द्यायचं, उभं राहून. माझ्या नातीला कोणी काही विचारायचं नाही.