हात न धरता उठलो

प्रिय सुमन,

आज तुझ्या माहेरी, काटोलला, रोडग्याचं जेवण होतं. तिथून आलो आणि कपडेही न बदलता लिहायला बसलो. बातमीच तशी आहे. मी पंगतीत जमिनीवर बसलो आणि कुणाचा हात न धरता उठलो.

चार वर्षांपूर्वी मला उठवायला तिघे लागले होते, आठवतं? सगळी पंगत हसली. तू हसली नाहीस. पुढच्या वर्षी मात्र न बोलता माझ्यासाठी खुर्ची मांडलीस. सगळे खाली, आणि जावई खुर्चीत, मांडीवर ताट घेऊन. ती खुर्ची माझ्या मनाला फार लागली.

एक तक्रार करू? माझं पोट तूच वाढवलंस. गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा रोडगा फोडून त्यात तूप ओतायचीस. "घ्या ना जी, एकानं काय होते?" पण संध्याकाळी "चला, चौकापर्यंत जाऊन येऊ" असंही तूच म्हणायचीस. मी टीव्हीसमोरून हललो नाही. एकदा तरी का आलो नाही मी तुझ्याबरोबर? स्वतःचाच राग येतो.

तू गेल्यावर चालायला लागलो, आपल्या प्रताप नगरातल्या म्हाताऱ्यांच्या टोळीबरोबर. चालून झालं की सगळ्यांचे तर्री पोहे, तेलकट झणझणीत रस्सा ओतलेले, वर शेव. तीन महिन्यांत दोन किलो वाढलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही चालून नाही राहिले, पोह्याकडे जाऊन राहिले."

मग आपल्या सुनेने, वर्षाने, माझं ताट ताब्यात घेतलं. भाकरी, वरण, तूप चमचाभर. मी खूप चिडलो. "या वयात कोणाले दाखवायचं आहे?" ती म्हणाली, "बाबा, दाखवू नका. पण खाली बसायचं आहे ना?" दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. रोज आधी पलंगावरून, मग स्टुलावरून, मग पाटावरून उठबस. वर्षभरात अकरा किलो उतरले.

आज तुझ्या वहिनी मला बघून हळहळल्या. "जावईबापू, काहून वाळून राहिले? सून जेवाले देत नाही काय?" एरवी हसण्यावारी नेलं असतं. आज सगळ्यांसमोर म्हणालो, "वहिनी, सुनेनंच उभं केलं मले." वर्षा खाली मान घालून वांग्याची भाजी वाढत राहिली.

एक रोडगा खाल्ला, दुसऱ्याला नाही म्हणालो. उठायच्या वेळी सगळे माझ्याकडेच बघत होते. तुझा भाऊ हात पुढे करून आला, त्याला मागे सारलं. गुडघ्यावर हात टेकला आणि उठलो. सुमन, काय सांगू, मुलाच्या निकालाच्या दिवशीही इतका फुगलो नव्हतो. आणि डोळे भरले, कारण बघायला तू नव्हतीस.

पंगतीला रोडगे तूच वाढायचीस, कमरेत वाकून, शेवटच्या पानापर्यंत. तू गेल्यापासून ते काम कुणीही, कसंही करतं. पुढच्या वर्षी मी पंगतीत बसणार नाही. रोडग्यांची टोपली मी घेणार आहे, आणि एकाही पानापुढे वाकायचं चुकवणार नाही.

तुझाच,
मधुकर