जवळच्या नजरेचं कार्ड

तीर्थस्वरूप वहिनींस, धाकट्या दिराचा चष्म्याच्या दुकानातूनच साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घ्या. कमरेने हल्ली आठपैकी पाचच अंगांना परवानगी दिली आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा रक्तदाब आणि दादाचा स्वभाव, दोन्ही आटोक्यात आहेत ना? लेकाच्या घरी लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, सूनबाई जीव लावते, असं दादा दर फोनला सांगतो आणि आम्ही दर फोनला 'वा वा' म्हणतो. त्या 'वा वा'मध्ये फारसा दम नसतो, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. इकडे सगळं ठीक. तुमची जाऊ गल्ल्यावर बसते, मी लोकांचे नंबर काढतो आणि दुकानावरचं तुमचं घर अजून रिकामंच आहे.

तर मुद्दा असा (नमनाला घडाभर तेल गेलं, पण तुम्ही माझ्या कथा ऐकल्या आहेत, तुम्हाला सवय आहे), की तुम्ही गेल्यापासून माझ्या लिखाणाला कान उरलेला नाही. पूर्वी मी शटर ओढून कागद घेऊन वर यायचो. तुम्ही मटार सोलत बसलेल्या असायचात. मी वाचायचो. तुम्ही कधी छान म्हटलं नाहीत, कधी वाईट म्हटलं नाहीत. मी थांबलो की एक शेंग टचकन उघडायची आणि तुम्ही विचारायचात, "मग?" (मटार नसले की तुम्ही शर्टांची बटणं लावायचात. पण कथा मटारातच जास्त चांगल्या झाल्या.) तुमच्या जावेला वाचून दाखवायला गेलो, तर ती पहिल्याच पानावर विचारते, "शेवटी मरतो ना तो?" आणि मरतोच तो, त्यामुळे पुढे वाचायला तोंड राहत नाही. शिवाय ती शेवटची कथा! बाई पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी आहे, इथवर मी वाचलं आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला. तुम्हीही तेव्हा पिशवी घेऊन उंबऱ्यातच उभ्या होतात. तशातही वळून म्हणालात, "मग?" मी पान उलटलं, तर पुढचं कोरं. दादा जिन्यातून ओरडला, तुम्ही गेलात, आणि ती बाई अजून तिथेच उभी आहे.

पहिले काही दिवस मी वाचनालयाच्या सभागृहात भरणाऱ्या लेखकांच्या बैठकीला गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथे सगळे लिहिणारे, ऐकणारा एकही नाही. एक जण वाचत असतो तेव्हा बाकीचे आपापले कागद लावत असतात. अध्यक्ष डोळे मिटून चिंतन करतात (घोरण्याचा आवाज चिंतनाचाच असतो, असं मला सांगण्यात आलं) आणि टाळ्यांनी जाग आली की 'उत्तम' म्हणतात. माझ्या कथेलाही उत्तम म्हणाले. मी अजून खुर्चीतून उठायचा होतो, वाचायला सुरुवातही केली नव्हती.

मग मला एक युक्ती सुचली. जवळची नजर तपासायला आपण गिऱ्हाइकाच्या हातात ते कार्ड देतो ना, वरची ओळ ठळक आणि खाली अक्षर बारीक बारीक होत जातं, ते? त्यावर वर्षानुवर्षं व्यायामाचे फायदे छापलेले होते. मी ते काढून माझ्या कथेची सुरुवात छापून आणली. पहिलं गिऱ्हाईक आले समोरचे किल्लीवाले. माणूस मुलखाचा घुमा. कुलपाशी दोन शब्द बोलेल, पण माणसाशी नाही. सगळ्यात बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचत गेले आणि गप्प बसले. मी काच बदलली, तरी गप्प. मला वाटलं, नजर अडली. तर ते कार्ड उलटंपालटं करून म्हणाले, "मग?" वहिनी, माझ्या हातातली काच तशीच हातात राहिली. तुम्ही गेल्यानंतर तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला भरून आलं. (त्यांना सांगितलं, थेंब टाकलेत डोळ्यांत. थेंब गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत टाकतात, दुकानदाराच्या नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण बोलले नाहीत.)

पुढच्या आठवड्यात किल्लीवाले चष्म्याने डोकं दुखतं म्हणून परत आले. तोवर मी कार्डावर पुढचा भाग छापला होता. मग त्यांनी पाठवलेल्या नर्सबाई आल्या, नर्सबाईंचे पेशंट आले. दुकानात अशी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. तुमची जाऊसुद्धा साहित्याबद्दल बरं बोलू लागली. पण सुख टोचतं म्हणतात. लोक कथा एकमेकांना सांगत, त्यामुळे येतानाच ती तोंडपाठ करून येत. नर्सबाईंनी तर बारीक ओळ डोळे मिटून म्हणून दाखवली असती, आणि मी त्यांना दिला भलताच कमी नंबर. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा वॉर्ड ओलांडून सरळ धुलाईघरात गेल्या आणि चादरींच्या गाठोड्याला म्हणाल्या, "काय, झोप लागली का?" निम्म्या गल्लीचे चष्मे फुकट बदलून द्यावे लागले. तुमच्या जावेने कार्ड जप्त केलं, व्यायामाचे फायदे परत आणले आणि हुकूम सोडला: ज्यांना कथा ऐकायची त्यांनी सुट्टीच्या वारी यावं, आणि चष्म्याच्या तक्रारी घरी ठेवून यावं.

तर असं आमचं मंडळ सुरू झालं. शटर अर्धं खाली असतं. वाचणारा तपासणीच्या खुर्चीत, बाकीचे बाकावर. 'छान' म्हणायला बंदी, फक्त 'मग?' विचारायचं, हा नियम मी तुमच्याकडून उचलला आहे. आता सगळेच लिहितात. नर्सबाईंनी एका म्हाताऱ्या पेशंटबद्दल लिहिलं. भेटीच्या वेळेआधी तो रोज भांग पाडून बसायचा, आणि त्याला भेटायला कुणीच यायचं नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, यात काही नाही, फाडून टाकते. किल्लीवाले खाली बघत म्हणाले, "मग? दुसऱ्या दिवशी पाडला का भांग?" बाई घरी गेल्या आणि दुसरा दिवस लिहून आणला, मग तिसरा. एकट्या असत्या तर तो कागद त्याच दिवशी कचऱ्यात गेला असता. माझेही गेले असते, तुम्ही नसतात तर.

पण खरं सांगू? हे सगळे कथेला विचारतात, मग? तुम्ही मला विचारायचात. उंबऱ्यातल्या बाईचं काय करायचं, यावर मंडळात उभी फूट पडली आहे. नर्सबाई म्हणतात जाऊ दे तिला, तिचंही आयुष्य आहे. किल्लीवाले म्हणतात, परत आली तर दार उघडं असलं पाहिजे. तुमची जाऊ गल्ल्यावर फ्रेमा पुसत असते, लक्ष नाही असं दाखवते. परवा मान वर न करता म्हणाली, "ते वहिनींना विचारा." आणि कितीतरी वेळ तीच फ्रेम पुसत राहिली. तुमची आठवण येते हो वहिनी, आम्हा दोघांनाही. असो. मंडळाला आता बाक अपुरा पडतो, म्हणून तुमचं वरचं घर आम्ही घरमालकाकडून भाड्याने घेतलं आहे, हे कळवण्यासाठीच हे पत्र. दुसरं काही विशेष नाही.

दादाला नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद, लिफ्टला शुभेच्छा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. दादा म्हणत होता, हल्ली तुम्ही पेपर हात लांब करून वाचता. सोबत एक कार्ड पाठवतो आहे. खिडकीशी बसून वाचा आणि कुठल्या ओळीपर्यंत दिसलं ते कळवा. निव्वळ धंद्याचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा. वरचं घर मंडळासाठी घेतलेलं नाही. मंडळ बाकावर मजेत मावतं. पडदे तुमच्या जावेने निवडले आहेत, कुलूप किल्लीवाल्यांनी बसवलं आहे आणि एक किल्ली पाकिटात आहे. महिनाभरासाठी म्हणा, मटाराच्या हंगामापुरतं म्हणा. दादालाही आणा, त्याला रागवायला इथे पुष्कळ माणसं आहेत.

ता. क. शेवटचा. कार्डावर त्याच कथेचा शेवट आहे. बाई काय करते, ते सगळ्यात खालच्या, सगळ्यात बारीक ओळीत छापलं आहे. ती ओळ वाचता आली, तर या. नाहीच वाचता आली, तर नंबर वाढला आहे. डोळे तपासायला या.